रांगेतले देव

मी एक जुनी ज्वारीची चक्की आहे आणि माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून ठेवते, मित्रांनो, म्हणजे "केवढी ओरडतेस गं!" असं नंतर कुणी म्हणायला नको. मला जे सांगायचं आहे, ते हळू आवाजात सांगण्यासारखं नाहीच.

सोलापूरला लागून कुंभारी आहे. तिथे विडी वळणाऱ्या बायकांच्या घरांच्या ओळी आहेत आणि त्या ओळींच्या टोकाला इमामसाबांची गिरणी. मला बसवलं त्या दिवशी इमामसाबांनी फातेहा पढून साखर वाटली आणि शेजारच्या बायांनी मला हळदकुंकू लावलं. मी दोन्ही आनंदाने घेतलं. दगडांची धार गेली की मैंदर्गीचा निंगप्पा छिन्नी-हातोडी घेऊन टाकी लावायला यायचा. दगडात नव्या खाचा पाडताना तो कन्नडमध्ये काहीबाही पुटपुटायचा. ते शब्द मला कधी कळले नाहीत, पण त्याचा हात मी डोळे मिटून ओळखला असता.

माझ्या पिठाची भाकरी थापताना चिरत नाही, असं बायका एकमेकींना सांगत. माझी छाती फुगायची. इमामसाबांनीही हौसेने पेंटर बोलावून पाटी रंगवून घेतली, "गिऱ्हाईक म्हणजे देव", आणि ती बरोबर माझ्या डोक्यावर टांगली.

आता हे देव कसे असतात ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. एकाला पीठ बारीक हवं, आणि बारीक दिलं की "जळालं की हे!" म्हणायचं. दुसरी डबा हातात तोलून म्हणायची, "आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय." त्यातलं कुत्रं म्हणजे मी! अहो, थोडं पीठ उडतं आणि मूठभर माझ्या पोटात राहतं. ते पुढच्याच्या डब्यात जातं, आणि मागच्याचं तुमच्या डब्यात आलेलं असतं. गल्लीतल्या प्रत्येक घराने प्रत्येक घराची ज्वारी खाल्लेली आहे. त्यात चोरी कसली?

फक्त उपवासाच्या आदल्या दिवशी हे चालत नसे. भगर आणि राजगिरा दळायचा असला की इमामसाब माझे दगड उघडायचे, कुंच्याने खाचा झाडायचे, कापडाने पुसायचे. रांगेतले सगळे तेवढा वेळ मुकाट्याने थांबायचे. कुणाचा उपास मोडू नये, हे सगळ्यांना कळत होतं.

इमामसाबांचे गुडघे गेले तशी ते दारातल्या खाटेवर बसू लागले आणि त्यांची सून अकबरी गिरणी बघू लागली. अकबरी कमी बोलते. माझ्या घरघरीत बोलून उपयोगही नसतो.

एके दिवशी चंद्रिका आली. ती विड्या वळते. तिची सहा वर्षांची श्रावणी सारखी उलट्यांनी आजारी असायची, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं होतं की हिला गहू सोसत नाही, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. चंद्रिका घरी ज्वारीच देत होती, तरी पोर बरी होईना. कारण जिथे ती दळून आणायची, तिथे एकाच चक्कीत गहू आणि ज्वारी दोन्ही दळत होते.

अकबरीने सगळं ऐकून घेतलं. माझ्या शेजारी गव्हाची वेगळी चक्की होती, पण ती बिघडली की थोडा गहू माझ्यातही टाकला जायचा. अकबरीने निंगप्पाला बोलावून माझ्या दगडांना नव्याने टाकी लावून घेतली आणि त्या दिवसापासून माझ्यात गहू बंद झाला. पावसाळा संपेपर्यंत श्रावणी गिरणीच्या पायऱ्यांवर उड्या मारायला लागली होती. मला इतका आनंद कौतुकाच्या दिवसांतही झाला नव्हता.

आणि मग गव्हाच्या चक्कीची मोटर जळाली.

नेमके त्याच दिवशी नारायणशेठ टेम्पोतून गव्हाची पोती घेऊन आले. त्यांची मोठी खानावळ आहे आणि आमच्या गिरणीचं निम्मं दळण त्यांचंच होतं. संध्याकाळी त्यांच्याकडे लग्नाची पंगत होती. गरज खोटी नव्हती, हे मी कबूल करते.

"ह्या चक्कीत टाक की," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"ह्यात गहू टाकत न्हाय, शेठ," अकबरी म्हणाली. "चंद्रिकाच्या पोरीची ज्वारी हितं दळत्या. तिला गहू चालत न्हाय."

"माझं झालं की पुसून घे."

"गव्हाचं पीठ चिकट, खाचंत बसलं की कुंच्यानं पुरतं निघत न्हाय. पोर परत आजारी पडंल."

नारायणशेठचा आवाज माझ्याहून मोठा झाला. "वर काय लिवलंय वाच! गिऱ्हाईक म्हणजे देव! एका पोरीपायी माझी पंगत उपाशी ठेवतीस व्हय?"

रांगेत मागे चंद्रिका डबा घेऊन उभी होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "राहू द्या भाभी. मी बघते दुसरीकडं." दुसरीकडे काय होतं, ते तिला आणि मला चांगलंच माहीत होतं.

अकबरीने माझं बटण बंद केलं. गिरणीत एकदम शांतता झाली.

"शिवरात्रीला तुमच्या आईंची भगर आली हुती, शेठ. तुमी म्हणलाव, कण बी ऱ्हाऊ देऊ नको. म्या अख्खी रांग थांबवली. का म्हणून इचारलं न्हाय. ह्या पोरीला तर गव्हाचा रोजचाच उपास हाय. आन् चंद्रिका बी गिऱ्हाईकच हाय की. रांगेत उभारल्यात ते सगळेच देव हायत. एका देवासाठी दुसऱ्याचं लेकरू आजारी पाडू का मी?"

शेठ खाटेकडे वळले. "चाचा, सांगा सुनेला. इतक्या वर्षाचं गिऱ्हाईक तोडायलीय ती."

इमामसाब पाटीकडे बघत राहिले. पाटी त्यांच्या हौसेची होती आणि शेठ त्यांच्या मैत्रीतले. खरं सांगते, मला भीती वाटली.

"बोर्ड माझाच हाय, नारायण," ते म्हणाले. "पर गहू कुटं टाकायचा ते त्याच्यावर लिवलेलं न्हाय. ते अकबरी सांगंल."

पोती परत टेम्पोत चढली. शेठ पुन्हा आले नाहीत. आमच्या गिरणीला त्यांनी फोनवर पाचांपैकी एकच चांदणी दिली आहे, आणि खाली लिहिलं आहे की इथे गिऱ्हाइकाचा अपमान होतो. गव्हाची चक्की दुरुस्त झाली, पण बराच वेळ रिकामी बसून असते. अकबरीने छताचा गळका पत्रा यंदाही बदलला नाही.

या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी एक रिक्षा थांबली. त्यातून शेठच्या आई, प्रभाकाकू, काखेत भगरीचा डबा घेऊन उतरल्या.

"दगड पुसलायस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"पुसते की काकू. गहू तर आता जातच न्हाय ह्यात."

काकूंनी रांगेतला चंद्रिकाचा डबा पाहिला. आपला डबा त्याच्यामागे ठेवला आणि पायरीवर बसल्या. "आधी पोरीचं हू दे," म्हणाल्या.

मित्रांनो, मी यंत्र आहे. जो बटण दाबेल त्याचं मी दळते. "नाही" म्हणणं मला येत नाही, ते माणसालाच म्हणावं लागतं. म्हणून मला तेल द्या, माझ्या दगडांना वेळेवर टाकी लावा, पण माझ्यापेक्षा जास्त त्या माणसाला जपा, जो तुमच्या तोंडावर "नाही" म्हणतो. चिडण्याआधी एकदा मागे वळून रांगेत कोण उभं आहे ते बघा.

श्रावणीची ज्वारी माझ्यात पडते, तेव्हा मी मुद्दाम जास्त मोठ्याने घरघरते. खानावळीपर्यंत आवाज जात असेल, तर जाऊ दे.