डायरेक्टर काखेत

मी तांबडी बोलतेय, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमागच्या अंगणातली कोंबडी. अंड्यांवर बसलेय, त्यामुळे उठून तुमचं स्वागत करता येत नाही. तुम्हीच जरा जवळ सरका.

जन्म माझा गाझियाबादजवळच्या खेड्यातला. तिथून आमच्या मालकांनी, श्यामकांतरावांनी, मला आणि आणखी काही पिल्लांना बुटाच्या खोक्यात घालून बसने दिल्लीला आणलं. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सब मुर्गियाँ हैं, साहब!" थोड्याच महिन्यांत आमच्यातल्या एकाने कुंपणावर चढून खणखणीत बांग दिली. श्यामकांतरावांच्या पत्नी अरुणाताई हसून हसून बेजार झाल्या.

श्यामकांतराव मंत्रालयात नोकरीला. बांग देणाऱ्या त्या कोंबड्याची ताठ मान आणि ऐटबाज चाल बघून ते म्हणाले, "अरे, हा तर थेट आमचा डायरेक्टर!" तेच नाव पडलं.

डायरेक्टर आमच्यावर जीव टाकायचा. दाणा सापडला की आधी आम्हाला हाक मारायचा. घार दिसली की असा ओरडायचा, की आम्ही पेरूच्या झाडाखाली पसार! पण माणूस दिसला की बिथरायचा. मान फुलवून, एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका यायचा आणि अणकुचीदार नखं पुढे करून झेपावायचा. श्यामकांतराव झाडू उगारत, तो आणखी पेटे. मग ते पळत आणि तो विजयाची बांग देई. शेवटी त्याने अंडी न्यायला आलेल्या शेजारच्या चोप्रा भाभींच्या पोटरीतून रक्त काढलं.

"बस झालं!" श्यामकांतराव म्हणाले. "रविवारी याचा रस्सा."

"अहो, मग घारीपासून कोंबड्यांना कोण राखणार?"

"आणि याच्यापासून माणसांना कोण राखणार?"

अरुणाताई म्हणाल्या, "रविवारपर्यंत मला बघू द्या. नाहीच वळला, तर मसाला मी स्वतः वाटीन."

माझ्या घशाखाली दाणा उतरेना.

दुसऱ्या दिवशी अरुणाताई नवऱ्याचे जाड बूट घालून अंगणात आल्या. डायरेक्टर धावून गेला. त्या पळाल्या नाहीत, त्यांनी मारलंही नाही. त्याने बुटावर धडक दिली, तशी त्या उलट एक पाऊल पुढे आल्या. असं कुणी केलंच नव्हतं! तो बुचकळ्यात पडला, तेवढ्यात त्यांनी त्याचे पंख दाबून त्याला उचललं आणि काखेत धरलं. तसंच धरून कपडे वाळत घातले, कढीपत्त्याला पाणी दिलं. आधी तो पाय झाडत होता, मग त्याने मान सैल सोडली. शांत झाल्यावरच त्यांनी त्याला खाली ठेवलं. रोज हेच. शनिवारी तर तो त्यांना वाट देऊन बाजूला झाला.

पण रविवारी पाळी होती श्यामकांतरावांची.

"मी पळतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे गं!"

"मग आज पळू नका. झाडूही ठेवा तो."

डायरेक्टर सुसाट आला. बुटावर दाणकन आपटला. श्यामकांतरावांचं पाऊल मात्र पडलं ते पुढेच. डायरेक्टर थबकला. मग खाली वाकून माती टोचू लागला, जणू तो त्याच कामासाठी आला होता!

श्यामकांतरावांनी वाकून त्याला उचललं. "अरुणा! घेतला! डायरेक्टरला काखेत घेतला!"

वरच्या मजल्यावरचे लोक बाल्कनीत धावले. कुंपणापलीकडून चोप्रा भाभींनी टाळ्या वाजवल्या. "वाह भाईसाहब! अब छोड़ना मत!"

त्या दुपारी घरात वांग्याचं भरीत झालं. माझं पोट मात्र आनंदानेच भरलं.

आता ऑफिसातून आले की श्यामकांतराव त्याला काखेत घेऊन पेरूभोवती फेऱ्या मारतात. "तीच फाइल पुन्हा परत? कारण काय, साहेब?" असं बरंच सुनावतात. तो डोळे मिटून ऐकतो. स्वयंपाकघरात अरुणाताई तोंडाला पदर लावून हसतात. परका माणूस दिसला की त्याची मान अजून फुलते, म्हणून पाहुणे यायच्या आत त्याला जाळीपलीकडे ठेवतात. शेवटी कोंबडाच तो!

माझ्या या अंड्यांतूनही एखादा तसाच निघेल. तुमच्याकडे आला, तर काठी उचलू नका, पाठही दाखवू नका. आणि रश्श्याची घाई तर मुळीच नको.

थांबा! पोटाखाली काहीतरी चिवचिवलं. कवचाच्या आतूनच! मला आता त्याला उत्तर द्यायला हवं. या तुम्ही, आणि जाताना फाटकाची कडी तेवढी लावा.