डोक्याखालचं मुंडासं

वाल्मीक म्हणजे हट्टी गडी. कासार आंबोलीत वांग्यांवर औषध फवारायचं तर मुंडाशाचा शेव तोंडावर ओढला, की निघाली स्वारी. हातमोजे कुणी सुचवले तर त्यालाच हसायचा. त्या दुपारी मात्र तोंडाला फेस आणि अंगभर घाम घेऊन तो बांधावर बसला, तो काही केल्या उठेना. रंभाबाईनं, त्याच्या बायकोनं, शेजाऱ्याच्या जीपमधून त्याला पिरंगुटच्या दवाखान्यात आणलं.

नाडी चाळीसवर आली होती. डॉक्टर सुलक्षणानं कपडे उतरवायला लावून त्याचं अंग साबणानं धुवून घेतलं आणि विषावर उतारा म्हणून ॲट्रोपीन सुरू केलं. हृदयाजवळच्या नसेतून एक रस पाझरतो, तिनं रंभाबाईला समजावलं, तो हृदयाला हळू चाल म्हणतो आणि लगेच विरतो. फवारणीच्या विषानं तो विरेनासा झालाय, म्हणून हृदयाला सारखं हळू, हळू हेच ऐकू येतंय.

उतरवलेले कपडे फेकून द्यायला सांगितले होते. सदरा, धोतर रंभाबाईनं मुकाट्यानं फेकलं. पण नवऱ्याचं मुंडासं कचऱ्यात? तिनं ते कधी जमिनीवरसुद्धा टेकू दिलं नव्हतं. घडी घालून तिनं ते हळूच त्याच्या डोक्याखाली सरकवलं.

नाडी नव्वदपर्यंत चढली. रंभाबाईच्या जिवात जीव आला. पण तासाभरात नाडी पुन्हा उतरू लागली. औषध वाढवलं तरी उतरतच राहिली. डॉक्टर वाकून बघायला गेली आणि थबकली. तिनं त्याच्या डोक्याखालून मुंडासं ओढून काढलं. ते फवारणीच्या औषधानं ओलं होतं; डोक्याच्या कातडीतून विष अजून आत जात होतं.

डॉक्टर रागावली नाही, नुसतं त्याचं डोकं धुवायला लागली. रंभाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्याच हातानं आपण त्याला मारत होतो, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्मीकनं तिला ओळखलं. नाडी आता औषधाविना नीट चालली होती. त्यानं कोरड्या जिभेनं मुंडासं मागितलं. लपवावं असं तिला क्षणभर वाटलं, पण जमेना.

"जाळाय दिलं," ती म्हणाली. "म्याच ठिवलं व्हतं तुमच्या डोक्याखाली. माझ्यापायी जीव जात व्हता तुमचा."

त्यानं आपल्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. चारचौघांत कधी बोडका न बसणारा माणूस, पण आज त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"डोक्याखालीच ठिवलंस न्हवं," तो म्हणाला. "फेकलं तर न्हाईस."

रंभाबाईनं पदर तोंडाला लावला आणि कालपासूनचं सगळं रडून घेतलं. त्यानं तिचा हात धरून ठेवला होता.