भिंतीमागचा उकिरडा

दर सोमवारी आमच्या गल्लीतली माणसं झाडू घेऊन निघायची. निजामाच्या राज्यात चार माणसं जमायची तर इजाजत लागायची, पण झाडायला कोण नको म्हणतो? पुढारी महादेवप्पा. लातूरच्या गंजबाजारात त्यांची अडत, गळ्यात लिंगायताचं लिंग, कपाळाला भस्म आन् तोंडात भाषण. माझ्या घराच्या मागच्या भिंतीशी कुणीतरी रोज कचरा टाकायचं. तिथं आलं की अप्पांचा पारा चढायचा.

"एकट्या बाईमाणसाच्या दारात घाण करता? ज्यानं टाकला त्यानंच हातानं उचलावा! कुणी झाडू लावायचा न्हाई." एवढं बोलले की चालले पुढं. उकिरडा तसाच. मी म्हणायचे, व्हय अप्पा.

चैत्रातल्या एका सोमवारी त्यांची बायको पार्वतम्मा रडत बाहेर आली. पूजा करताना दूध उतू गेलं म्हणून ती उठली, आन् गडबडीत पूजेला गळ्यातून काढलेलं तिचं लिंग बेलफुलांसकट निर्माल्याच्या फडक्यात गेलं. ते फडकं अप्पा रोज गल्लीच्या टोकाच्या विहिरीत सोडून यायचे, आजही गेले होते. लिंग हरवलं तर सापडेपर्यंत अन्न न्हाई, पाणी न्हाई, असा तिचा नेम.

झाडू टाकून माणसं विहिरीकडं पळाली. गल्लीतला शंकरप्पा दोर लावून आत उतरला. अप्पा काठावर उभे राहून सांगत होते, "गाळात बघा, गाळात असंल." उतरला होता शंकरप्पा, घाम फुटला होता अप्पांना.

पार्वतम्मा माझ्या ओट्यावर बसलेली. ऊन असं की ओटा भाजत होता. दुपारपर्यंत तिचे ओठ फुटले. माझं डोकं फिरलं. "अगं, घोटभर पी की! देव काय पाळत ठेवून राहिला का?"

"न्हाई बाई. मेले तरी चालंल." एवढं बोलून ती आडवीच झाली. डोळे पांढरे. मी लई भ्याले, गल्ली गोळा केली.

शंकरप्पा निथळतच आला. "अप्पा, पार तळ चाचपला. बेलाचं एक पान न्हाई. रोज सोडता म्हणता, मग जुनी पानं तरी कुठायत?"

अप्पांनी बायकोकडं पाहिलं. मग माझ्या भिंतीमागं गेले, खाली बसले आन् दोन्ही हातांनी उकिरडा उपसाय लागले. वर ताजा बेल, खाली वाळका, त्याखाली कुजका.

"मेल्या!" मी ओरडले. "माझ्याच दारात टाकून मलाच भाषणं ऐकवत होतास व्हय रे?" अप्पांना अरेतुरे करणारी गल्लीत मी पहिलीच. ते मान वर करेनात.

फडकं सापडलं, त्यात लिंग. बायांनी पार्वतम्माला उठवून, धरून तिथं आणलं. तिनं ते धुऊन गळ्यात बांधलं, कपाळाला लावलं. मी तांब्या पुढं केला. तिनं घेतला न्हाई.

"आधी ही जागा," ती म्हणाली.

अप्पा झाडूला वाकले. तिनं झाडूवर पाय ठेवला. "हातानं उचला. तुम्हीच म्हणायचे न्हवं का?"

टोपली टोपली करत अप्पांनी उचललं. गल्ली उभी राहून बघत होती. जमीन दिसल्यावर पार्वतम्मानं माझ्या हातून तांब्या घेतला आन् घटाघटा प्याली.

"चल घरी," अप्पा हळूच म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं," ती भिंतीला टेकून बसत म्हणाली. "घरचा उकिरडा उद्या बघू."