साडूचं समन्स

समन्स घेऊन आलेल्या बेलिफाने आधी एका पुतळ्याला नमस्कार केला. त्यात त्याची काही चूक नव्हती. कारखान्याच्या दारातच सूट घातलेला एक उंच पुतळा उभा होता, आणि मालक आत कोपऱ्यात फायबरच्या एका सुट्या पायाला पॉलिशपेपर घासत बसला होता. तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, अंगभर पांढरी भुकटी. दोघांत पुतळाच जास्त माणसासारखा दिसत होता.

पुतळेवाल्याला बेलिफ फार आवडला. म्हणजे बेलिफाची हनुवटी आवडली. तिला मधोमध खळी होती, आणि अशी खळी साच्यात नीट उतरवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. दुकानांच्या काचेमागे कपडे घालून उभे राहणारे पुतळे बनवण्यात याचा जन्म गेला होता, त्यामुळे माणूस समोर आला की याला आधी कान दिसत, जबडा दिसत असे, मानेचा बाक दिसत असे. माणूस शेवटी दिसायचा, तेही वेळ उरला तर. शिवाय चौकशा करण्याची भारी खोड. पहिल्या भेटीत यांनी मला एकच गोष्ट विचारली, कपाळावरची खूण कशाने झाली, असं त्याची बायको अजून सगळ्यांना सांगते.

"इथे सही करा. कोर्टाचं समन्स आहे," बेलिफ म्हणाला.

"कोर्ट घरपोच पाठवतं?"

"पाठवतं."

"आणि मी घेतलंच नाही तर?"

"तर दाराला चिकटवतो."

"कशाने?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न बेलिफाला कोणी केला नव्हता. "डिंकाने," तो जरा विचार करून म्हणाला, सही घेतली आणि जाताना सुटातल्या पुतळ्याकडे एकदा रागाने बघून गेला.

पुतळेवाल्याने हात पुसून कागद वाचला आणि खालीच बसला. फिर्याद त्याच्या साडूने केली होती. बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने! आरोप बदनामीचा. चौकातल्या कापडाच्या दुकानात चड्डी-बनियनवर जो पुतळा उभा आहे त्याला फिर्यादीचा चेहरा लावलेला आहे, येणारे-जाणारे हसतात, फिर्यादीची अब्रू धुळीला मिळाली आहे. खाली कोर्टाचा शिक्का आणि हजर राहण्याची तारीख.

साडू सरळमार्गी माणूस होता. हिशेबनीस. याच्याशी कधी भांडण नाही, तंटा नाही. दोन वर्षांत भेट झाली नव्हती इतकंच, आणि तेही कामाच्या रगाड्यामुळे. घर तर गावातच, नदीच्या पलीकडे. मग हा गृहस्थ उठून माझ्याकडे न येता कोर्टात का गेला? पुतळेवाल्याच्या डोक्यात हा किडा शिरला तो शिरलाच.

बायकोने मात्र कागद ऐकल्यावर दुसराच सूर लावला.

"तरीच!" ती म्हणाली. "तरीच ताई महिनाभर फोन उचलत नाहीये."

या दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलत. काय बोलत ते कोणालाच कळलेलं नव्हतं, पण त्यांचं बोलणं संपल्याशिवाय दोन्ही घरांत ताटं वाढली जात नसत. महिन्यापूर्वी ते अचानक बंद पडलं होतं. तेव्हापासून बायको संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायची आणि विचारलं तर डोळ्यांत कचरा गेला म्हणायची.

"ऐका," ती म्हणाली. "तुम्हाला तुरुंगात टाकलं तर मी डबा घेऊन येईन. रोज येईन. पण मला बहीण एकच आहे. या भानगडीत ती तुटली, तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ करणार नाही."

तो रात्रभर कुशी बदलत राहिला.

शेजारच्या शिंप्याला सकाळी बातमी लागली. या शिंप्याला सगळी गल्ली कायदेपंडित म्हणायची, कारण त्याच्याकडे वकिलांचे कोट शिवायला येत आणि मापं घेता घेता तो त्यांची डोकी खात असे.

"अटकपूर्व जामीन!" कायदेपंडिताने टेप गळ्यात टाकला. "एक मिनिट थांबू नकोस. पोलिस कधीही येतील. रात्री मागच्या दाराने झोप."

"मागच्या दाराने झोपायचं कसं?"

"प्रश्न विचारू नकोस, चल!"

त्याने पुतळेवाल्याला ओळखीच्या वकीलबाईंकडे ओढत नेलं. बाई खटल्यांच्या ढिगाऱ्याआड चहा पीत होत्या. त्यांनी समन्स उलटसुलट पाहिलं, मग कायदेपंडिताकडे पाहिलं.

"यात पोलिस दिसतात का कुठे तुम्हाला?"

"दिसत नाहीत म्हणूनच तर भीती," कायदेपंडित म्हणाला.

"ही खाजगी फिर्याद आहे. यांचे साडू स्वतः कोर्टात गेले, शपथेवर जबाब दिला. न्यायाधीशांना वाटलं, ऐकण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून त्यांनी यांना बोलावलं. बोलावलं, पकडून आणा म्हटलेलं नाही. त्यातून गुन्हा जामीनपात्र. अटकपूर्व जामीन कशापासून घेणार? येतच नाही त्या अटकेपासून?"

"म्हणजे मला नुसतं जायचंय?" पुतळेवाल्याने विचारलं.

"नुसतं जायचंय. हजर व्हायचं, बंधपत्रावर सही करायची. गेला नाहीत, लपूनछपून बसलात, तर मात्र वॉरंट निघेल आणि मग पोलिस येतील. समन्साला घाबरून पळणारेच शेवटी वॉरंटात सापडतात."

कायदेपंडिताचा चेहरा पडला. "तरी पण, सावधगिरी म्हणून एक अर्ज..."

"अर्जात काय लिहायचं असतं?" पुतळेवाल्याने मध्येच विचारलं.

"लिहितात ठरलेलं. फिर्यादी खोटारडा आहे, जुन्या वैमनस्यातून सूड उगवतोय, पैसे उकळायचा डाव आहे."

"आणि खाली मी सही करायची?"

"तुम्हीच."

ही सही केली असती तर बायकोची बहीण त्याच टेबलावर तुटली असती. पुतळेवाल्याने बाईंना हात जोडले आणि अर्ज नको म्हणून सांगितलं. पण एक विचारल्याशिवाय त्याला राहवेना. साडूने आधी माझ्याकडे यायला नको होतं का? बाई म्हणाल्या, त्याला कलम लागत नाही, त्याला साडूच विचारा.

घरी जाताना तो चौकातल्या दुकानापाशी थांबला. काचेमागे पुतळा कमरेवर हात ठेवून, भलत्याच आत्मविश्वासाने, चड्डी-बनियनवर उभा होता. हा चार नंबरच्या साच्यातला, एवढं त्याने लांबूनच ओळखलं. कारखान्यात साच्यांना नंबर असतात, नावं नसतात. चार नंबर सगळ्यांत जास्त खपला होता, अर्ध्या गावाच्या काचांमागे चार नंबरच उभा होता. पण हा चेहरा आला कुठून? काचेला नाक लावून तो बराच वेळ बघत राहिला, आतली विक्रेती मुलगी अवघडून दुसरीकडे गेली, आणि मग त्याला आठवलं.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. धंदा नवा, चेहरा द्यायला माणूस मिळेना. तोंडावर प्लास्टर ओतून घ्यायला कोण तयार होणार? तेव्हा साडू, कोटाच्या घडीलाही जपणारा माणूस, आपणहून टेबलावर आडवा झाला होता. भुवयांना आणि मिशीला तेल, नाकात दोन नळ्या. प्लास्टर सुकेपर्यंत हसायचं नाही असं बजावलं म्हणून पोट धरून पडला होता आणि पोटच हसत होतं. साचा निघाला तेव्हा चेहरा देखणा आला. पुढे त्याचं नाक घासलं, केस बदलले, डोळे उघडे केले. पंचवीस वर्षांत त्याने चेहरा जपला आणि माणूस विसरला. आपल्याला हे आठवलं कसं नाही, याची त्याला तिथे फुटपाथवर लाज वाटली.

तारखेला तो बायकोला घेऊन कोर्टात गेला. कायदेपंडित मागोमाग आलाच. वकीलबाईंनी पायरीवर गाठून कानात सांगितलं, "सोपं आहे. साडूंच्या वकिलांनी अतिउत्साहात पुतळाच उचलून आणलाय. आरोप वाचतील, तुम्ही म्हणा, हा चेहरा यांचा नाही. आता त्यांचा चेहरा तसा दिसतही नाही. पुढचं मी बघते."

आता तसा दिसत नाही, म्हणजे काय? आत गेल्यावर कळलं.

पुढच्या बाकावर थोरली मेव्हणी बसली होती आणि तिच्या शेजारी कोणीतरी परका गृहस्थ, तोंडाशी रुमाल धरलेला. मिशी नाही. चेहऱ्याची डावी बाजू खाली ओघळलेली, ओठाचा कोपरा लोंबलेला, डावा डोळा उघडाच्या उघडा आणि त्यातून पाणी. मेव्हणीने त्या गृहस्थाचा रुमाल बदलला, तेव्हा कुठे पुतळेवाल्याने ओळखलं. हे साडू होते.

पुढे पुतळा उभा होता. न्यायाधीशांच्या समोर चड्डी नको म्हणून कारकुनाने त्याला कोणाचा तरी काळा कोट घातला होता, आणि त्यात तो हुबेहूब वकील दिसत होता.

"पुरावा अजून सुरू नाही, हे ध्यान आत्ताच कशाला आणलं?" न्यायाधीश त्रासले. मग पुतळेवाल्याकडे वळून त्यांनी नेहमीचा, रोज दहा वेळा विचारायचा प्रश्न विचारला. "फिर्यादीला ओळखता का?"

पुतळेवाला साडूंकडे बघत राहिला.

"विचारा साहेब," साडू उठून म्हणाले. शब्द डाव्या कोपऱ्यातून निसटत होते, पण कळत होते. "अजून एकदा विचारा. याच प्रश्नासाठी आलोय मी."

साडूंचे वकील त्यांचा कोट ओढायला लागले. साडूंनी हात झटकला.

"दीडेक महिन्यापूर्वी मी याच्या कारखान्यात गेलो होतो. तोंडाला हा लकवा होऊन चारच दिवस झाले होते. घराबाहेर पडत नव्हतो, हिलाही कोणाला सांगू दिलं नाही. बहिणीला सांगशील म्हणून फोन घेऊ दिला नाही. मग मनात आलं, याच्याकडे माझा चेहरा आहे. नुसता बघून यावा. दारात उभा राहिलो. याने गॉगल वर केला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि..." ते थांबले, रुमालाने ओठ पुसला. "आणि म्हणाला, 'हे कशाने झालं हो? जरा उजेडात येता का?'"

पुतळेवाल्याला आठवलं. टोपी घातलेला एक माणूस दारात आला होता आणि न बोलता निघून गेला होता. त्या गालाची ओघळ कशी साधेल याचा त्याने नंतर दिवसभर विचार केला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"मग यात बदनामी कुठे आली?" न्यायाधीशांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरोखरची उत्सुकता होती.

"मी वकिलांना तेच सांगितलं. माझ्याच तोंडावर हा जगतोय, अर्ध्या गावात मला उभा केलाय, आणि दारात मी गेलो तर मला ओळखलं नाही. ते म्हणाले, ओळखलं नाही याला कलम नाही. जे होतं त्यात बसवलं."

वकीलबाई पुतळेवाल्याला खुणावत होत्या, म्हणा, चेहरा यांचा नाही.

"साहेब, तो चेहरा यांचा आहे," पुतळेवाला म्हणाला. "धंद्यात पहिला चेहरा यांनीच दिला. त्या दिवशी मी यांना ओळखलं नाही. गाल बघितला, माणूस बघितलाच नाही. बदनामी केली का ते तुम्ही ठरवा. हे मात्र मी केलं."

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फिर्याद मागे घ्यायची आहे का?" त्यांनी साडूंना विचारलं.

"मागे घेतली तर हा पुन्हा घरी येईल का?"

"त्यासाठी मला समन्स काढता येत नाही."

साडू पुतळेवाल्याकडे बघत होते. त्याला कळेना नजर कुठे ठेवावी. गालाकडे बघायची सोय नव्हती, दुसरीकडे बघणं त्याहून वाईट. शेवटी त्याने साडूंच्या डोळ्यांत बघितलं, आधी मिटणाऱ्या आणि मग न मिटणाऱ्या, आणि त्याला रडू आलं.

"समन्स नको, आज संध्याकाळीच येतो," तो म्हणाला.

"आज नाही!" मागून थोरल्या मेव्हणीचा आवाज आला. ती केव्हाच बाक सोडून धाकटीपाशी जाऊन बसली होती आणि दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. "उद्या या. आज संध्याकाळी आम्हाला बोलायचंय."

शिपायाने शांत राहायला सांगितलं. पण दोघींनी तेवढ्यातच सुरुवात केली होती, आणि महिना-दीड महिन्याचं तुंबलेलं होतं.