डाग तेवढा सांभाळून घ्या

डाग गेला. साबणाने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, वर प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारून असा पक्का गेला की आता भिंत पाडली तरी सापडायचा नाही.

हे झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. घरातल्या माणसांनीही तसंच समजायचं ठरवलं होतं, आणि भिंत तर त्यांची होती.

तर, डाग होता. जेवणाच्या खोलीत, आतल्या बाजूच्या खुर्चीमागे, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. तो बाबांचा होता. जेवण झालं की बाबा खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून डोकं भिंतीला टेकवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "मीठ कमी होतं. पण घेतलं सांभाळून." डोक्याला तेल चोपडायची त्यांची जुनी सवय. पुढे केस गेले, पण तेल गेलं नाही. केसांच्या आठवणीला लावतात, असं आई म्हणायची. ते तेल भिंत निमूटपणे पीत राहिली आणि तिच्यावर हळूहळू एक आकार आला. वर गोल, खाली मानेकडे निमुळता, आणि डाव्या अंगाला एक बारीकसा फुगवटा. तो कानाचा. शेजारच्यांचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून बाबा डोकं वळवून कान भिंतीला लावायचे, आणि शेजाऱ्यांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही.

बाबा गेले तेव्हा आई टेबलाशी बसेनाशी झाली. ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खायची आणि "भूकच नाही रे" म्हणायची. तिचा चष्मा नाकावरून घसरायला लागला. नाकच बारीक होतंय म्हणजे बाकीच्या माणसाचं काय झालं असेल, असा हिशोब धाकटा मनातल्या मनात करायचा आणि उत्तर यायच्या आत सोडून द्यायचा. धाकटा म्हणजे तिचा मुलगा. घरात ताई आणि हा अशी दोनच मुलं, त्यामुळे कोणापेक्षा धाकटा हे विचारायचं कारण नव्हतं. ताई लग्न होऊन लांब राहायची आणि फोनवरून जवळ असायची.

एका दुपारी धाकटा ऑफिसातून लवकर परतला. दार लोटलेलंच होतं. आई टेबलाशी बसली होती, बाबांच्या खुर्चीसमोर, आणि भिंतीला सांगत होती, "मीठ कमी आहे, माहितीय मला." ताट जवळजवळ रिकामं होतं. समोरून तक्रार आली नाही. अख्ख्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

धाकट्याने दार हळूच ओढून घेतलं आणि बाहेरून बेल वाजवली.

त्यानंतर आई रोज जेवायला लागली. चष्मा जागेवर बसला. धाकट्याला कळलंय हे आईला कळलं होतं आणि तिला कळलंय हे धाकट्याला. यावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. सरळ बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती. भाजी करपली, भाडेकरू पळाला, परीक्षेत गटांगळी खाल्ली, सगळ्याला एकच वाक्य होतं, सांभाळून घ्या. बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हाही आई डॉक्टरांना एवढंच म्हणाली होती, "तेवढं सांभाळून घ्या."

डॉक्टरांना ते जमलं नाही.

मग ताई चार दिवसांसाठी आली आणि तिने आईला भिंतीशी बोलताना पकडलं.

"हे बरं नाही," ती धाकट्याला गॅलरीत ओढून म्हणाली. "आई भिंतीवरच्या त्या बटाट्याशी बोलते."

"बोलू दे की. जेवते ना?"

"तुला काही वाटतं की नाही? उद्या तिच्याबद्दल लोक बोलायला लागतील."

"भिंतीशी बोलणाऱ्यांबद्दल लोकांशी बोलणारे बोलतात. चालायचंच."

"तू ना, कंपनीत राहून राहून मठ्ठ झालायस."

यात तथ्य होतं. धाकटा फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात होता. फ्रिज गार होत नाही, फ्रिज रात्री रडल्यासारखा आवाज करतो, अशी पत्रं यायची आणि धाकटा दिवसभर उत्तरं द्यायचा की आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या, तथापि सदर विनंती मान्य करणे शक्य नाही, क्षमस्व. तिथे लागल्यापासून त्याच्या हातून एकही विनंती मान्य झाली नव्हती. साहेब त्याच्यावर खूश होते.

ताई परत गेली आणि फोनवरून जेवणाच्या खोलीचा कायापालट सुरू झाला. तिने कुठेतरी वाचलं होतं की रंगाने भूक वाढते. "पिवळ्याने पोट मोकळं होतं, आणि निळ्याने वजन कमी होतं, तो नको." पाठोपाठ भिंतीवर लावायच्या वस्तूंचं खोकं आलं. त्यात एक घड्याळ होतं, त्याला आकडेच नव्हते. टांगायच्या तीन बशा होत्या, ज्यांत खायचं नव्हतं. आणि लाकडी अक्षरांची एक पाटी होती: 'इथे आनंद राहतो'.

आईने पाटी हातात धरून दोनदा वाचली.

"कोण आनंद?"

"आई, आनंद म्हणजे आनंद. सुख."

"भाडं देतो का?"

धाकटा हसला. बाबा गेल्यापासून आईने केलेला तो पहिला विनोद होता, आणि तो केल्याबरोबर तिने डागाकडे बघितलं. दाद मिळाली की नाही ते तिचं तिला ठाऊक.

रंगारी आला. गडी बोलघेवडा आणि स्वतःच्या हातावर फिदा. शेड कार्ड त्याने टेबलावर पत्त्यांसारखं पसरलं. "बघा काकू. 'पहाटेची कुजबुज'. 'ओला दगड'. 'हरवलेलं हस्तिदंत'. हा 'शांत लोणी', हल्ली फार चालतो."

"लोणी अशांत कधी असतं?" धाकट्याने विचारलं.

"कंपनी नावं ठेवते दादा, मी भिंतीला लावतो."

आई उठली. कार्ड घेऊन बाबांच्या खुर्चीमागे गेली आणि एकेक रंग डागाच्या शेजारी धरून बघू लागली. 'ओला दगड' धरला, मान हलवली. 'शांत लोणी' धरलं, जरा लांब जाऊन बघितलं. बाबांच्या अंगाला शर्टाचं कापड लावून बघायची तशीच बघत होती. धाकट्याने तोंड फिरवून नाक ओढलं. सर्दी आहे, असं त्याने जाहीर केलं.

बराच वेळ झाल्यावर आईचं बोट एका मळकट पिवळ्या चौकोनावर थांबलं. नाव होतं 'सुकं गवत'. डागाशेजारी तो रंग खुलत होता. म्हणजे खुलत होता तो डागच.

"वा!" रंगारी म्हणाला. "काकू, हुशार आहात. डागाच्या जवळचाच रंग घेतलात. म्हणजे चुकून वर आला, तरी दिसायला नको. काय?"

आईने तोंड उघडलं. आता ती बोलेल, असं धाकट्याला वाटलं. आता हा बोलेल, असं आईला वाटलं. पण भिंतीवर आमचे बाबा आहेत, त्यांना ब्रश लावू नका, हे एका परक्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"डाग तेवढा..." आई म्हणाली आणि अडखळली. "तेवढा सांभाळून घ्या."

"हो, तेवढं बघा," धाकट्याने री ओढली.

रंगाऱ्याने छातीवर हात ठेवला. "काकू, निश्चिंत राहा. असा सांभाळून घेतो की नाव काढाल."

सगळ्यांना हायसं वाटलं. तिघांनी चहा घेतला.

रंगाच्या वासाने आईला खोकला येतो, म्हणून काम चालू असेपर्यंत तिला मावशीकडे पाठवलं. धाकटाही रात्री तिथेच झोपायचा आणि दिवसा ऑफिसात क्षमस्व लिहीत बसायचा. घरातून निघताना त्याने भिंतीकडे बघून मान हलवली, येतो अशा अर्थाने. डाग होता तिथेच होता.

काम उरकल्याच्या संध्याकाळी मायलेक बरोबरच घरी आले. खोलीत दिवे लागले होते. भिंती या टोकापासून त्या टोकापर्यंत सुकं गवत. कुठे ओरखडा नाही, धब्बा नाही. बाबांच्या खुर्चीमागची तर हात फिरवावा अशी गुळगुळीत.

"बघा!" रंगारी नवरदेवासारखा उभा होता. "नुसता रंग मारून भागलं नसतं. तेल कितीही दाबा, वर येतं. आधी धुतलं, मग घासलं, मग डाग दाबायचा खास प्रायमर मारला. दहा वर्षं वर येणार नाही. कंपनीची लेखी हमी आहे."

त्याने हमीचा कागद आईच्या हातात दिला. आईने तो उलटा धरून वाचला.

"छान झालंय," ती म्हणाली.

डॉक्टरांना जे जमलं नाही ते रंगाऱ्याने करून दाखवलं होतं. सांभाळून घेतलं होतं. त्याला बोल तरी काय लावणार? धाकट्याने त्याचे आभार मानले, चांगले दोनदा मानले, आणि तो गेल्यावर दार लावून कडीशी उगाच खेळत राहिला, कारण मागे वळलं की आई दिसली असती.

आईने पानं घेतली. आपल्या जागेवर बसली. समोर बघितलं. मग जरा डावीकडे बघितलं, जरा उजवीकडे, गर्दीत कुणाला तरी शोधावं तसं. एक घास घेतला आणि तो तोंडात बराच वेळ घोळवला. "इथे उकडतंय," असं म्हणून ती ताट घेऊन ओट्यापाशी गेली आणि उभी राहिली.

मग काही झालंच नाही, असं सुरू झालं. ताई फोटो बघून फोनवर म्हणाली, "किती मोठी वाटते गं खोली!" आई म्हणाली, "हो ना, खूपच मोठी वाटते." बशा टांगल्या. आकडे नसलेलं घड्याळ लावलं, ते वेळ झाली एवढंच सांगायचं, कसली ते नाही. बाबांच्या खुर्चीमागे भिंतीवर, जिथे डोकं टेकायचं तिथे, ताईच्या सांगण्यावरून 'इथे आनंद राहतो' ठोकलं. आई त्या बाजूला फिरकायची नाही. चष्मा पुन्हा घसरायला लागला.

धाकट्याने रंगाऱ्याला फोन केला. "तो डाग परत येईल का हो?"

"माझ्या कामात? नाव सोडा!"

"थोडासा तरी?"

"दादा, कुणी काही बोललं का माझ्या कामाबद्दल?"

"नाही हो. पण समजा, निम्मा..."

रंगारी दुखावला. "या हातांनी हजार भिंती केल्यात. एकही डाग परत आलेला नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हा रविवारी दुपारी धाकट्याने बाबांच्या तेलाची बाटली काढली. डोक्याला भरपूर चोपडलं, पाटी उतरवली, खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलली आणि डोकं भिंतीला टेकवलं. रंग धुण्याजोगा होता. तेल आत जाईना, ओघळून कॉलरीत उतरू लागलं. तरी तो बसून राहिला. मुंडी जमेल तशी वळवून त्याने कानसुद्धा टेकवला. शेजारी भांडत होते. ऐकायला बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा आई ओलं फडकं घेऊन उभी होती.

"सरक."

तो सरकला. आईने भिंत पुसली, सावकाश, वरपासून खालपर्यंत. एका हातात सगळं निघालं.

"हा तुझा होता," ती म्हणाली. "डोकं धुऊन टाक. सर्दी होईल."

धाकट्याने डोकं धुतलं. मग टेबलावर कागद घेऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच सरळ लिहायचं ठरवलं. रंगाच्या कंपनीतही आपल्यासारखाच कुणीतरी बसला असेल हे त्याला माहीत होतं. तो काय उत्तर देईल तेही पाठ होतं, अगदी स्वल्पविरामासकट. आई ओट्यापाशी उभी होती, हातात ताट, ताटात सगळं तसंच.

"काय लिहितोस?"

"ऑफिसचं."

ती मागे येऊन उभी राहिली. घसरणारा चष्मा बोटाने वर धरून तिने पहिल्या चार ओळी वाचल्या. धाकटा वळला नाही. ती म्हणाली, "पूर्ण मागू नकोस. देणार नाहीत."

"मग?"

"कानापुरता माग."

आणि ती परत ओट्यापाशी गेली. धाकट्याने पहिला कागद बाजूला सारून नवा घेतला.

प्रति,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: भिंतीवरील डाग परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या प्रायमरखाली आमच्या जेवणाच्या खोलीतील एक डाग गैरसमजातून दाबला गेला आहे. यात आपल्या मालाचा वा रंगाऱ्याचा कोणताही दोष नाही. दोष असता तर हा अर्ज करावा लागला नसता. सदर डाग घरातील एका व्यक्तीच्या दोन्ही वेळच्या जेवणासाठी आवश्यक आहे. तरी आपण दिलेली दहा वर्षांची हमी कृपया मागे घ्यावी व डाग पूर्ववत वर येऊ द्यावा. संपूर्ण डाग देणे नियमात बसत नसल्यास, डाव्या बाजूचा कानाचा भाग तरी, जेवणाच्या वेळेपुरता का होईना, वर आणून देण्यात यावा, ही नम्र विनंती.