शून्याचा मान

ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेल्या मिकुलोवजवळच्या त्या चेक गावात कोणी जेवायला निघालं, की कोट चढवण्याआधीच वाद सुरू होई: आज गाडी कोण चालवणार? जो चालवणार, त्याच्या ग्लासात पाणी. चेक कायद्याला चालकाच्या रक्तात दारूचा थेंबही चालत नाही. बोहुमीरच्या घरी हा भार नेहमी त्याची बायको ब्लाझेना उचलायची. पण नुकतंच तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि सेंट मार्टिनच्या दिवशीच, म्हणजे नव्या वाइनच्या सणालाच, गाडी बोहुमीरच्या गळ्यात पडली.

"नेमकी आजच," तो कुरकुरला. त्या दुपारी मुलीकडच्या जेवणात वर्षाची पहिली नवी वाइन उघडायची होती, आणि तीही त्याच्याच तळघरातली. "राबायचं मी आणि चाखायची जगाने. ऑस्ट्रियावाले बघ कसे शहाणे. रक्तात दारू हजारात अर्ध्या भागापेक्षा कमी असली की झालं. एका ग्लासाबद्दल कुणी विचारत नाही."

"आणि परत यायचंय कुठे?" ब्लाझेनाने विचारलं.

"तोवर उतरेल. बाराला घेतली तर चारला निघायचं, मध्ये कॉफी. सगळं मोजलंय मी."

"द्राक्षं मोजायला चष्मा लागतो तुला," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

त्यांची मुलगी राडका सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, बारा किलोमीटरवर नांदत होती. टेबलावर भाजलेला हंस, लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे वाफाळत होते. आठ वर्षांची नात रोझा पाठपिशवी भरून तयार होती, कारण जेवण झालं की आजी-आजोबांबरोबर दोन दिवस जायचं होतं. राडकाची सासू हेर्मिना शेजारीच बसली होती. तीस वर्षं रुग्णवाहिकेवर परिचारिका म्हणून काढलेली बाई. तिची आई चेक देशातल्या मोरावियाची, त्यामुळे तिला चेक छान येई.

बोहुमीरने बाटली उघडली, सगळ्यांना ओतली आणि स्वतःचाही ग्लास भरला. राडकाचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही ही घेतलीत तर रोझाला मी नाही पाठवणार."

"अगं, इथे कायद्यात बसतं हे! आणि आमच्या बाजूलाही पोलीस हमरस्त्यावरच असतात. माझ्या तळघरातून पिऊन निघालेल्या पाहुण्यांना मी मळ्यातली वाट दाखवतो. वीस वर्षांत एकालाही कुणी अडवलं नाही."

रोझाने काटा खाली ठेवला. "आजोबा, मळ्यातली म्हणजे मी तुमच्याकडे आले की सायकल चालवते ती?"

बोहुमीरच्या डोळ्यांपुढे ती वाट आली: दोन्हीकडे वेली, एक आंधळं वळण, आणि लाल सायकलवर ही पोर. गेल्याच शनिवारी त्याने चौघांना त्याच वाटेने हात हलवून निरोप दिला होता. त्याने ग्लासावरचा हात काढून घेतला.

हेर्मिनाने त्याचा ग्लास हळूच बाजूला सरकवला. "बोहुमीर, विहीण म्हणून बोलते, रागावू नका. रस्त्यावरून मी जितके चालक उचलले ना, त्यांतल्या बहुतेकांनी आधी मोजलं होतं. आमचा कायदा विचारतो, किती घेतली? आणि घेतलेल्या माणसाला तेवढंच नेमकं कळत नाही. तुमचा कायदा विचारतो, घेतली की नाही? याचं उत्तर आठ वर्षांची पोरही देईल. आमच्याकडे असा कायदा असता, तर माझ्या कितीतरी रात्री शांत झोपेत गेल्या असत्या. आणि तुम्ही त्यालाच नाकं मुरडता?"

चाळीस वर्षं तो आपल्या वाइनचा अभिमान मिरवत आला होता. आपल्या कायद्याचाही मिरवावा, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याने आपला ग्लास तिच्यापुढे ठेवला. "घ्या विहीणबाई. कशी झालीय ते तुम्हीच सांगा."

तिने घोट घेतला, डोळे मिटले. "यंदा तुम्ही आम्हाला मागे टाकलंत."

ते ऐकून बोहुमीरला इतकं बरं वाटलं, की पाण्याचा ग्लासही त्याने वाइनसारखाच उंचावला.

परतताना सीमेवरची जुनी ओसाड जकात चौकी मागे पडली, आणि पहिल्याच गावात पोलिसांनी गाडी थांबवली. तरुण पोलीस बाईने श्वास तपासायच्या यंत्राची नळी पुढे केली. बोहुमीरने फुंकलं, अगदी मनापासून.

"शून्य," ती म्हणाली. "सेंट मार्टिनच्या दिवशी? आणि हाताला तर वाइनचा वास येतोय."

"मीच करतो ती," बोहुमीर मान ताठ करून म्हणाला. "तेवढा आकडा माझ्या नातीला दाखवाल का?"

बाईने हसून यंत्र मागच्या खिडकीशी धरलं. रोझाने ते शून्य नीट वाचलं आणि आजीलाही वाचून दाखवलं.

पुढच्या शनिवारी तळघरात पाहुणे आले, तेव्हा बोहुमीरने बूच काढण्याआधीच विचारलं, "गाडी कोण चालवणार?" जो पुढे आला त्याला द्राक्षाचा रस दिला आणि घरी जाऊन प्यायला एक बाटली बांधून दिली. मळ्यातल्या वाटेच्या तोंडाशी त्याने स्वतः ओंडका आडवा टाकला होता, सायकल तेवढी जाईल एवढी जागा सोडून.

मंडळी, देश बदलला की कायद्यातला आकडा बदलतो, पण वळणापलीकडून येणारी सायकल सगळीकडे सारखीच असते. चाक हाती घेणाऱ्याने मोजत बसू नये. शून्यावर थांबावं, आणि त्या शून्याचा अभिमान बाळगावा.