गिअरबाई गप्प बसल्या

ऐक, आधी सगळं ऐकून घे, मधे तोंड घालू नकोस. सकाळची वेळ आहे, चार्जिंग स्टेशनवर गाड्यांची ही रांग लागलीय, आणि गिअरबाई मशीनशी भांडतायत. म्हणजे खरोखर भांडतायत. एका हातात चार्जरची गन, दुसऱ्या हातात फोन, आणि मशीनच्या पडद्यावर एकच ओळ, 'कृपया प्रतीक्षा करा'.

"मघापासनं प्रतीक्षाच करत्येय ना मी, अजून काय करू? पाया पडू तुझ्या?"

मागनं मीटर म्हणाला, "पडून बघा बाई. मी काल पडलो होतो, निदान लाइट तरी लागला."

मीटर म्हणजे टॅक्सीवाला. त्याला मीटर म्हणतात कारण त्याचं तोंडानं सतत चालू असतं, इतकी मिनिटं गेली, इतकं नुकसान झालं. रांगेत त्याच्यामागं उभं राहिलं की आपलंच काहीतरी बुडतंय असं वाटायला लागतं.

आणि गिअरबाई म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवलीय. नाव पडलं ते जुन्या गाडीपायी. नव्या इलेक्ट्रिक गाडीला गिअरच नाही, पण नाव काही सुटलं नाही. शिकवतात कशा, तर बोलून. अखंड. "आरसा बघ, आरसा, तुझं तोंड नको बघू त्यात, मागची बस बघ. आता सोड ब्रेक, हळू, मांजराच्या शेपटीवरनं पाय काढल्यासारखा." नवरा होता तोवर म्हणायचा, ही झोपेतसुद्धा मला डावीकडे वळवते. तो गेल्यावर घरात वळवायला कुणी उरलं नाही, मग सगळं बोलणं गाडीत आलं.

ही गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या पोरानं कागदावर आकडे मांडून दाखवले होते. पेट्रोलच्या पैशात म्हणे घर चालेल. फक्त रात्री गाडी कुठं लावता आणि तिथं प्लग आहे का, एवढंच विचारायचं तो विसरला. बाई राहतात तिसऱ्या मजल्यावर, भाड्यानं. खिडकीतनं वायर सोडू का विचारलं तर बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले, "उद्या सगळेच वायरी सोडतील, मग कपडे कुठं वाळत घालायचे?"

म्हणजे राहिलं हे स्टेशन. इथला दर सकाळी एक, दुपारी एक, आणि संध्याकाळचा तर बघायचाच नाही, उगाच जीव घाबरा होतो. घरच्या विजेच्या तिप्पट. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात आधी पैसे भरायचे. एका कंपनीनं गावातलं एकुलतं एक मशीन बंद केलं आणि बाईंचे पैसे त्या ॲपमध्येच राहिले. बाई त्याला 'माझी फिक्स डिपॉझिट' म्हणतात. या स्टेशनवर गनी दोन, पण एकीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलीय. नादुरुस्त. ती पिशवीसुद्धा आता जुनी होऊन फाटायला आलीय, गन आहे तशीच.

आता तूच बघ, शिकणारा माणूस तासाचे पैसे देतो. त्याचा तास असा रांगेत गेला तर त्याच्याकडनं पैसे कुठल्या तोंडानं मागायचे? बाई महिनाभर तोट्यात होत्या. मग त्यांनी काय केलं, स्टेशनच्या भिंतीवर एक फळी ठोकली आणि फळीला खिळे. आला ड्रायव्हर की आपली किल्ली पुढच्या खिळ्यावर अडकवायची आणि खुशाल झोपायचं. रांग पुढं सरकली की बाईंचे विद्यार्थी एकेक किल्ली काढणार, गाडी एक घर पुढं घेणार, हँडब्रेक लावणार, किल्ली परत खिळ्याला. शेजारी बाई, तोंड चालू. ड्रायव्हरांची झोप झाली आणि विद्यार्थ्यांचा हात बसला. कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एका सकाळी सात वेगवेगळ्या गाड्या चालवायला मिळतात, सांग.

फक्त एक गोची झाली. यातनं तयार झाली सुई.

सुई म्हणजे लॅबची बाई, घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. बेचाळिशीची असेल. पायी फिरून फिरून तिच्या टाचा गेल्या होत्या. लॅबनं सांगितलं, लायसन काढ, लांबच्या भागाची व्हॅन तुला देतो, पगार वाढेल. सुई शिकायला आली आणि इतकी झकास शिकली, की दोन गाड्यांच्या मधे कागद सरकवावा तशी गाडी सरकवायची. पण सगळं रांगेत शिकलेली ना. पहिल्या परीक्षेला ती इतकी हळू गेली, की शेजारनं एक आजोबा चालत पुढं निघून गेले. नापास. दुसऱ्या परीक्षेला सिग्नल हिरवा झाला, सुईनं गाडी एक घर पुढं घेतली, हँडब्रेक लावला, गाडी बंद केली, किल्ली काढली, आणि दार उघडून खाली उतरली. खिळा शोधायला. भर चौकात. नापास.

"तुझी चूक नाही," बाई तिला म्हणाल्या होत्या, "फळी माझी." आणि मग रोज पहाटे तिला मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवली. चार्जिंग स्वतःच्या खिशातनं. वेगात गेलं की बॅटरी भसाभसा उतरते, पण बाई म्हणायच्या, "दाब, बघत बसू नकोस."

तर आज तिसरी परीक्षा. शेवटची, कारण लॅबवाल्यांनी सांगून टाकलं होतं, यावेळी नाही झालं तर व्हॅन दुसऱ्याला.

शेवटी एकदाचं मशीन सुरू झालं. बाईंची गाडी अगदी तळाला गेलेली. चढता चढता बॅटरीचा आकडा आठ टक्क्यांवर आला, आणि मागं मीटर फोन धरून उभा. यावेळी तो काही बोलेना, म्हणून बाईंनीच विचारलं, "काय रे, मीटर बंद पडला?"

"लांबचं भाडं आलंय. कितीतरी दिवसांनी," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय. कॅन्सल करेल आता."

बाईंनी आकड्याकडं बघितलं, शेजारी उभ्या सुईकडं बघितलं. परीक्षेचा रस्ता तसा छोटा. आठ टक्क्यांत आरामात होतं. त्यांनी गन काढून त्याच्या हातात दिली. "घे. आमचं परीक्षेपुरतं झालं."

सुई म्हणाली, "बाई, थोडं अजून—"

"गाडीत बस. आरसा लाव आधी."

आता परीक्षा घेणारे साहेब कसे, तर अंगानं भरभक्कम, घामानं निथळलेले. बसले पुढं, सुईच्या शेजारी. पहिली गोष्ट काय केली असेल? एसी. फुल. बाई मागच्या सीटवर. तोंड उघडणारच होत्या, तर साहेब मान न वळवता म्हणाले, "मागं बसणारा एक शब्द जरी बोलला तर उमेदवार नापास. मागच्या वेळीच सांगितलंय तुम्हाला."

बाईंनी तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा, चालत्या गाडीत.

सुई निघाली. झोकात निघाली. आजोबा वगैरे सगळे मागं. सिग्नलला थांबली, सिग्नल सुटला, गेली. किल्लीला हात नाही. मागं बाईंचे डोळे भरून आले, पण बोलायचं नाही. आणि पुढं बघतायत तर रस्ता खणलेला. पाइप टाकायचं काम. साहेब म्हणाले, "वळसा घ्या. पुलावरनं."

तो पूल म्हणजे चढ. लांबलचक चढ, वर कठडे, बाजूला थांबायला जागा नाही. त्यात एसी गारगार, तीन माणसं, त्यातले साहेब दोघांच्या वजनाचे. पुलाच्या अलीकडं फाटा येतो, एक रस्ता वर पुलाकडं, दुसरा खालनं. फाट्याच्या थोडं आधी समोरच्या पडद्यावर कासव आलं. कासवाचं चित्र. बॅटरी संपत आली की गाडी कासव दाखवते आणि मग खरोखरच कासव होते.

बाईंना कासव दिसलं. सुईला दिसलं की नाही, ते मागनं कळेना. साहेब खिडकीबाहेर बघतायत. बाईंनी रुमाल काढला आणि तोंडात कोंबला. बघ काय अवस्था असेल. बोलावं तर सुई जागच्या जागी नापास, व्हॅन गेली. न बोलावं तर गाडी चढावर मधेच मरणार, मागनं बस, ट्रक, आणि सुई तरीही नापासच. आणि हे सगळं कुणामुळं, तर आपण ती गन काढून दिली म्हणून. बाईंचा उजवा पाय मागच्या सीटखाली ब्रेक शोधतोय.

फाटा आला. गाडीत टिक टिक, टिक टिक सुरू झालं. इंडिकेटर. सुईनं आरसा बघितला, आणि गाडी खालच्या रस्त्याला घातली.

"इकडं कुठं?" साहेब दचकले.

"साहेब, आधी बाजूला घेते, मग सांगते."

खालचा रस्ता कुठं जातो? स्टेशनवर. सरपटत सरपटत गाडी आत शिरली. ड्रायव्हर मंडळी सावलीत पडलेली. आणि गनवर कोण, तर मीटर. त्याचं भाडं कॅन्सल झालं होतं, दहा मिनिटं उशीर झाला म्हणून. तो सीटवर आडवा होऊन त्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्यानं मान वर करून बघितलं तर मागच्या सीटवर गिअरबाई, तोंडात रुमाल, डोळे बाहेर आलेले. मीटर नंतर सगळ्यांना सांगत सुटला, "मी काही विचारच केला नाही. बाई बोलत नाहीयेत म्हणजे काहीतरी भयंकर झालंय." तो उठला, स्वतःचं चार्जिंग तोडलं, गाडी बाजूला काढली आणि जागा मोकळी केली.

ती जागा माहितीये ना कशी आहे, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब. सुईनं रिव्हर्स घेतली. एकदाच. पुढं नाही, मागं नाही, दुरुस्ती नाही. हँडब्रेक. गाडी बंद. किल्ली काढली, खाली उतरली, सरळ भिंतीशी गेली आणि किल्ली खिळ्याला अडकवली. मग तिला आठवलं की साहेब गाडीत आहेत.

साहेब उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली. खाली वाकून पांढरे पट्टे बघितले, दोन्हीकडनं अंतर सारखं. "परीक्षेचा रस्ता सोडलात तुम्ही."

"हो."

"का?"

"चढावर बंद पडली असती, साहेब. मागच्यांनी काय करायचं? बाई म्हणतात, आपली गाडी मरायला आलीय असं कळलं की आधी दुसऱ्याच्या वाटेतनं बाजूला व्हायचं. रडायचं नंतर."

"कधी म्हणाल्या? आत्ता?"

"आत्ता कुठल्या? रोज म्हणतात. आत्ता त्या नुसता श्वास घेत होत्या."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. रुमाल अजून तोंडातच होता.

"परीक्षा अर्धी राहिलीय," साहेब म्हणाले. "किती वेळ लागेल याला?"

सावलीत कुणीतरी हसलं. बाईंच्या ॲपमध्ये पैसे कमी, भरायला गेल्या तर बँकेचा मेसेज येईना. शेवटी मीटरनंच आपल्या खात्यावर मशीन चालू केलं. "व्याजासकट घेईन, बाई," असंही म्हणाला, नाहीतर त्याला ताप आला असता. साहेब मोडक्या खुर्चीवर बसले, रुमालानं मान पुसत. थोड्या वेळानं म्हणाले, "रोज एवढं थांबता?"

"आज लवकर नंबर लागलाय, साहेब," मीटर म्हणाला.

गाडी पुरेशी भरल्यावर सुई पुन्हा स्टिअरिंगवर बसली. बाई मागचं दार उघडायला गेल्या, तर साहेबांनी हात आडवा केला. "तुम्ही इथंच थांबा. तुमच्या श्वासाचा आवाज फार होतो. तीसुद्धा सूचनाच झाली." आणि बसल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं एसी बंद केला, काच खाली घेतली.

गाडी निघाली. बाईंची गाडी, बाईंशिवाय. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं. ड्रायव्हर सगळे उठून उभे. गेटपाशी सुई थांबली, दोन्हीकडं बघितलं, इंडिकेटर दिला. बाई फळीजवळ उभ्या, हातात तोच रुमाल, आणि त्यांचा उजवा पाय मातीत ब्रेक दाबत होता. हळूहळू, गाडी वळायला लागली तसा, तो सुटत गेला. मांजराच्या शेपटीवरनं काढल्यासारखा.

आता सुई त्याच रांगेत लॅबची व्हॅन घेऊन येते. तीही इलेक्ट्रिकच निघाली, काय बोलायचं. नमुने थंड ठेवायच्या पेटीवर हात ठेवून थांबते, किल्ली खिळ्याला अडकवते, आणि कुणीतरी नवशिकं व्हॅन पुढं सरकवतं. पिशवीवाली गन आहे तशीच आहे. बाई मशीनशी भांडतायत, मीटर मिनिटं मोजतोय.

पण त्या फाट्यावरचं माझ्या डोक्यातनं जात नाही. पडद्यावर कासव आलंय, समोर चढ आहे, सुईला दिसलंय की नाही माहीत नाही, आणि मागच्या सीटवर तू आहेस. खरं सांग, तू काय केलं असतंस?